विषम जोड आणि मराठी वाङ्मयदृष्टी

पन्हाळा तालुक्यातील गावांच्या जत्रांत कुस्तीचे मैदान भरते तेव्हा पहिले काम असते ते जोडी लावण्याचे. होतकरू पोरांना आखाड्याभोवती फिरविले जाते, आणि पंच व गावातील जाणती माणसे हाडापेराकडे, मानेकडे, खांद्याकडे पाहून कोणाची गाठ कोणाशी घालावयाची ते ठरवितात. येथे काटा नसतो; नजर हेच माप. जोड विषम लागली तर कडेला बसलेली मंडळी गप्प राहत नाहीत. ‘ही जोड नव्हे’ असा गलका होतो आणि पुष्कळदा पंचांना तो मानावा लागतो. ह्या गलक्यात एक नीतिविचार आहे आणि तो फार जुना आहे. लहान अंगाच्या मल्लाने मोठ्या अंगाच्या अजिंक्य मल्लाला आव्हान द्यावे, ह्या प्रसंगाचे जे चित्रण आपल्या वाङ्मयात झाले आहे त्याचा विचार ह्या गलक्यापासूनच सुरू करणे सोयीचे आहे. कारण आजवरच्या रसग्रहणात त्याची दखल क्वचितच घेतली गेलेली आढळते.

सामान्यतः अशा प्रसंगांचे विवेचन अद्भुतरसाच्या खात्यावर मांडले जाते. लहानाने मोठ्याला पाडले. म्हणजे चमत्कार झाला. म्हणजे तो लहान हा वस्तुतः लहान नव्हताच. ‘मूर्ती लहान, कीर्ती महान’ ही म्हण अशा वेळी समीक्षकाच्या मदतीला धावून येते आणि त्याचे काम बिघडविते. जय कसा झाला, तो कोणत्या ठिकाणी जवळजवळ हातचा गेला होता, आणि मुळात ही जोड कोणी लावली, हे तिन्ही प्रश्न ती म्हण एका दमात मिटवून टाकते. त्यातही तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. लहानाने मोठा प्रतिस्पर्धी आपण होऊन मागितला काय, की तो त्याच्यावर लादला गेला? ह्या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात; वाङ्मयदृष्ट्या त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

कंसाच्या रंगमंडपातील चाणूर आणि कृष्ण ह्यांच्या मल्लयुद्धाच्या दोन जुन्या कथनांत हा भेद स्पष्ट उतरला आहे. भागवताच्या दशमस्कंधात चाणूर कृष्णबलरामांना बोलावतो ते राजाच्या करमणुकीचे निमित्त सांगून. कृष्णाचे उत्तर नम्र आहे, पण त्यात एक अट आहे. राजाचे प्रिय करणे हे प्रजेचे काम खरे. परंतु आम्ही मुले आहो, तेव्हा आमच्या तोलाच्या गड्यांशी आम्हांला खेळू द्यावे, म्हणजे सभेत बसलेल्यांना अधर्माचा स्पर्श होणार नाही, असा त्याचा आशय आहे. दोष मल्लाला लागेल असे येथे म्हटलेले नाही, तो पाहणाऱ्यांना लागेल असे म्हटले आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढील अध्यायात मथुरेच्या स्त्रिया हाच मुद्दा अधिक तीव्रपणे उचलतात. वज्रासारख्या अंगाचे, पर्वतप्राय मल्ल कोठे आणि अजून यौवनातही न आलेली ही कोवळी पोरे कोठे, असा त्यांचा आक्रोश आहे. ज्या सभेत अन्याय होतो तेथे जाणत्याने बसूच नये. बोलला नाही तरी दोष, भलते बोलला तरी दोष, येथपर्यंत त्यांचा विचार जातो. जत्रेतील गलक्याचे हे शास्त्ररूप होय.

परंतु भागवतकाराचे सामर्थ्य ह्यात आहे की त्याने चाणूरालाही युक्तिवाद दिला आहे, आणि तो केवळ दुष्टाचा युक्तिवाद नाही. तू बाल नव्हेस आणि किशोरही नव्हेस, असे तो म्हणतो; हजार हत्तींचे बळ असलेला कुवलयापीड तू दारातच लीलेने मारलास, तेव्हा बलवंतांनी तुझ्याशी लढणे ह्यात अन्याय नाही. हा व्यवसायी मल्लाचा निर्णय आहे. वयावरून व अंगावरून माप न घेता तो केलेल्या कामावरून माप घेतो. ह्याच प्रसंगाच्या आरंभी कृष्ण रंगमंडपात येतो तेव्हा तो प्रत्येकाला निरनिराळा दिसला असे प्रसिद्ध वर्णन आहे, आणि श्रीधरस्वामींच्या टीकेने त्यातील एकेका दर्शनास एकेक रस वाटून दिल्यापासून अभ्यासकांचे लक्ष रसांच्या यादीकडेच राहिले. यादी बाजूला ठेवून पाहिले तर एक साधी गोष्ट दिसते. मल्लांना तो वज्रासारखा दिसला. कोवळा पोर दिसला तो मल्लविद्या न जाणणाऱ्यांना. म्हणजे विषमतेचा आरोप करणारे डोळे आणि आखाड्यात मुरलेले डोळे ह्यांत भागवतकाराने फरक केला आहे, आणि तरीही नीतीच्या प्रश्नात त्याने अडाणी डोळ्यांची बाजू खोडून काढलेली नाही. चाणूराचा अंदाज बरोबर होता. स्त्रियांचा आक्षेपही बरोबर होता. हा ताण अद्भुतरसाच्या नावाखाली पुसून टाकणे म्हणजे प्रसंगातील प्राण काढून घेणे होय.

हरिवंशातील त्याच प्रसंगाची घडण निराळी आहे. तेथे चाणूर हा आंध्र मल्ल आहे आणि जोड विषम असल्याची ओरड प्रेक्षकांतून होते. परंतु कृष्ण त्या ओरडीचा आधार घेत नाही. मी बाल आहे, हा आंध्र देहाने पर्वतासारखा आहे, तरी ह्याच्याशी लढणे मला रुचते, आणि माझ्याकडून आखाड्याच्या नियमांचा भंग होणार नाही, असे तो सांगतो. भागवतातील कृष्ण तुल्यबळ जोड मागतो व ती नाकारली जाते. हरिवंशातील कृष्ण विषम जोड जाणूनबुजून पत्करतो. एका कथनात सभा दोषी ठरते, दुसऱ्यात ती दोषमुक्त होते. कारण लहानाने स्वतः होकार दिला आहे. दोन्ही ठिकाणी चाणूर मरतोच. परिणाम एक असूनही दोन कथने दोन वेगळ्या जगांत घडतात, ते केवळ एका होकाराच्या असण्यानसण्यामुळे.

मराठीत ही कथा घरोघर पोहोचली ती मुख्यतः श्रीधरांच्या ‘हरिविजया’च्या पारायणांतून, आणि पंडिती रसिकतेत ती नांदली मोरोपंतांमुळे. मोरोपंत पराडकर हे १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये ह्या बंधूंजवळ त्यांचे अध्ययन पन्हाळ्यासच झाले. पुढील आयुष्य बारामतीस गेले आणि १७९४ साली तेथेच त्यांचा अंत झाला. दशमस्कंधावर त्यांचा ‘कृष्णविजय’ आहे आणि महाभारतावर ‘आर्याभारत’. ह्या दोन ग्रंथांच्या जोडीमुळे विषम द्वंद्वाच्या अभ्यासकास एक सोय झाली आहे, ती जरासंधाच्या प्रसंगात.

जरासंध हा अजिंक्य मल्ल; आव्हान देणारे तिघे, कृष्ण, अर्जुन आणि भीम; आणि त्यांतून प्रतिस्पर्धी निवडण्याचा हक्क अजिंक्यवीराकडे. तिघांत सर्वांत हलका निवडावा आणि सोपा विजय घ्यावा हे त्याला सहज शक्य होते. तो भीमाला निवडतो. मात्र का निवडतो ह्याविषयी दोन मूळ ग्रंथ दोन कारणे देतात. सभापर्वात त्याचे म्हणणे असे आहे की हरायचेच असेल तर श्रेष्ठाकडून हरलेले बरे. भागवतात तो कृष्णाला भ्याड म्हणून बाजूस सारतो, अर्जुन वयाने व बळाने आपल्या तोलाचा नाही म्हणून त्याला वगळतो, आणि भीम तुल्यबळ म्हणून घेतो. पहिल्या उत्तरात पराभवाची सावली आहे, दुसऱ्यात तोलमोल आहे. पंतांनी दोन्ही मूळ ग्रंथ मराठीत आणले, त्यामुळे एकाच कवीच्या लेखणीपुढे हे दोन जरासंध उभे राहिले. शब्दचमत्कृती आणि यमके मोजण्यात पंतांच्या अभ्यासकांनी जितके श्रम वेचले त्यांतील थोडे ह्या तुलनेकडे वळविता आले असते. सुमारे तीस मात्रांच्या ओळीत, आणि तीही शास्त्रदृष्ट्या बहुतेक ठिकाणी आर्या नसून गीतीच, अठरा पर्वांचा भार पेलण्याचा पंतांचा संकल्प हा स्वतःच एका हलक्या गड्याने घेतलेला जड पैजेचा विडा होता, हे जाता जाता म्हणावयास हरकत नाही.

सभापर्वातील युद्धाच्या वर्णनात कालगणनाही दिली आहे. कार्तिकाच्या पहिल्या दिवशी युद्ध जुंपले, ते त्रयोदशीपर्यंत अखंड चालले, आणि चतुर्दशीच्या रात्री जरासंध थकून मागे सरला. दम हेच येथे निर्णायक शस्त्र आहे. आणि थकलेल्या शत्रूला फार पीडू नये, असे कृष्ण भीमाला नेमके त्याच क्षणी सांगतो, म्हणजे शत्रू थकल्याची वार्ताच देतो. आखाड्याच्या कडेला बसून पठ्ठ्याला खूण करणारा वस्ताद ह्याहून वेगळे काय करतो?

मल्लांचे वर्ग पाडावेत ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असा समज आढळतो, तो दुरुस्त करणे आवश्यक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांचे वय, देह आणि बळ पाहून ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल असे वर्ग केलेले आहेत. कोल्हापूरचे शिलाहार हे ह्याच चालुक्यांचे मांडलिक, आणि त्यांतील दुसऱ्या भोजाची राजधानी पन्हाळा. तेव्हा हा विचार ह्या डोंगरापासून फार दूरचा नव्हे. बडोद्याहून १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मल्लपुराणा’तही मल्लांचे वर्गीकरण आहे, आणि त्या विद्येचा आद्य उपदेशक म्हणून कृष्णच उभा केला आहे. ज्या कृष्णाने सभेत तुल्यबळ जोड मागितली त्याच्याकडे वर्गीकरणाच्या शास्त्राचे जनकत्व जावे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. पश्चिमेकडे मुष्टियुद्धाचे आठ वजनगट लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ साली निश्चित केले. फरक इतकाच की मानसोल्लासाचे माप मिश्र आहे, आणि १९०९ चे माप काट्याचे आहे.

काट्याने एक मोठा बदल घडविला. गट पडण्यापूर्वी विषम जोड हा कित्येकदा अपघात असे किंवा अन्याय असे. गट पडल्यानंतर ती केवळ स्वेच्छेनेच घडू शकते. मुष्टियुद्धाच्या इतिहासातील वरच्या वजनात जाऊन झुंजलेल्यांच्या कथा म्हणूनच इतक्या बोलक्या आहेत. बॉब फिट्झसिमन्स हा मध्यम वजनाचा विजेता १७ मार्च १८९७ रोजी कार्सन सिटी येथे जड वजनाच्या जेम्स कॉर्बेटपुढे उभा राहिला तेव्हा सुमारे १५ पौंडांनी हलका होता. बरीच मारझोड सोसून चौदाव्या फेरीत त्याने कॉर्बेटच्या बेंबीच्या वर, छातीच्या पिंजऱ्याखाली ठोसा मारला आणि सामना संपला. बिली कॉनने अर्धजड वजनाचे अजिंक्यपद सोडून १८ जून १९४१ रोजी जो लुईस ह्याला गाठले. बारा फेऱ्यांपर्यंत गुणांत पुढे असलेला हा चपळ मनुष्य तेराव्या फेरीत लुईसलाच लोळविण्याच्या इराद्याने त्याच्या टप्प्यात शिरला आणि स्वतःच लोळला. हलक्याने जडाशी जडाच्या रीतीने लढावयाचे नसते, हे त्याला बारा फेऱ्या माहीत होते.

ह्या दोन उदाहरणांच्या प्रकाशात सभासदांच्या बखरीतील अफझलखानाच्या भेटीचे प्रकरण पुन्हा वाचण्यासारखे आहे. कृष्णाजी अनंत सभासद ह्यांनी हे चरित्र सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिले. प्रतापगडाखालील भेट १० नोव्हेंबर १६५९ ची, आणि त्यानंतर अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा महाराजांच्या हाती आला. भेटीच्या वर्णनात सभासद प्रथम पोशाख सांगतात: अंगात कुडती, डोक्यावरील मंदिलात लोखंडी तोडा, पायांत चोळणा घालून कसलेली कास, हातांत बिचवा आणि वाघनख. ही केवळ वेषभूषा म्हणून वाचली तर यादी वाटते. पुढचा प्रसंग वाचल्यावर तिचा अर्थ उघड होतो. खान राजांची मान काखेत दाबून धरतो आणि जमदाडाचा वार करतो. उंच, धिप्पाड माणूस ठेंगण्याला मिठी मारताना जी पकड सहज घेईल तीच ही पकड आहे. ती पकड घेताच त्याचे पोट मात्र उघडे पडते, आणि वाघनखाचे काम तेथेच होते. सभासदांनी खानाच्या देहाची अतिशयोक्ती करून भय उत्पन्न केलेले नाही, आणि राजांच्या अंगी एकाएकी अमानुष बळ संचारले असेही दाखविलेले नाही. कोठे पकड येईल, कोठे वार येईल, आणि कोणती जागा मोकळी सापडेल ह्याचा हिशेब पोशाखातच मांडून ठेवला आहे. गद्याची ही काटकसर पुढील काळातील सजविलेल्या वर्णनांत हरवली. अज्ञानदासाचा पोवाडा ह्याच घटनेवरचा, आणि उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना गणला जाणारा. परंतु त्याचा श्रोता वेगळा आणि काम वेगळे. पोवाड्याला डफाच्या तालावर थाट उभा करावयाचा असतो, पकडीचा तपशील त्याला परवडत नाही. दोहोंना एकाच मापाने मोजून एकाला उणे ठरविणे रास्त नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पन्हाळ्याचे नाव निघाले की पुढील वर्षीची घोडखिंड आठवते, आणि १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभूंनी दिलेली झुंज ह्याच मालिकेत बसविण्याचा मोह होतो. तो आवरावा. थोडक्यांनी पुष्कळांना थोपवून धरणे आणि लहानाने मोठ्याला अंगावर घेणे ह्या दोन भिन्न कथाजाती आहेत. पहिलीत जागा लढते आणि वेळ मिळविणे हाच जय असतो. दुसरीत दोनच देह असतात आणि पळवाट नसते. दोहोंची सरमिसळ केल्याने दोन्हींचे स्वरूप धूसर होते.

कोल्हापूरच्या अलीकडील इतिहासात ह्या विषयाचे सर्वांत शुद्ध उदाहरण खाशाबा जाधवांचे आहे, आणि त्याच्यावरील मराठी लेखनाने मुख्य गोष्टच बहुधा दुय्यम ठरविली आहे. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलोच्या गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकी येथे ते उतरले ५७ किलोच्या गटात, आणि तिसरे येऊन त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले. प्रवासखर्चासाठी प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले ही हकीकत प्रत्येक लेखात असते, आणि ती असावी हे योग्यच आहे. परंतु चार वर्षांत एक गट वर जाणे, म्हणजे स्वतःच्या मूळ वजनाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याने मोठ्या झालेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या जगात प्रवेश करणे, ह्याचे विवेचन कोठे सापडत नाही. खालच्या गटातील सहावा मल्ल वरच्या गटात तिसरा येतो ही घटना रूढ समजुतीच्या उलट आहे, आणि कोणत्याही चरित्रकाराला तिने थांबवावयास हवे होते.

तिच्या उत्तराचा एक धागा तंत्रात आहे. ढाक हा खाशाबांचा आवडता डाव. त्यात प्रतिस्पर्ध्याची मान व हात आवळून, स्वतःच्या कमरेवरून त्याला उलटविले जाते. म्हणजे त्याचे वजन हे त्याच्याच पाठीकडे जाणारे ओझे होते. देहाचा भार घनफळाने वाढतो आणि स्नायूंचे बळ त्यांच्या आडव्या छेदाने, म्हणून लहान अंगाचा मल्ल आपल्या भाराच्या मानाने अधिक बळकट असतो. मोठ्याकडे एकूण बळ जास्त असते. उलथविण्याच्या डावांत पहिल्याला वाव मिळतो, दाबून धरण्याच्या डावांत दुसऱ्याला. गामा पहिलवान आणि पोलंडचा झ्बिस्को ह्यांची १० सप्टेंबर १९१० ची लंडनमधील कुस्ती अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत सुटली, ती ह्याच कारणाने. उंचीने व भाराने मोठा असलेला झ्बिस्को बहुतेक वेळ हातापायांवर ओणवा राहिला, आणि लहान अंगाचा गामा त्याला उलटविण्यासाठी झटत राहिला. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळास झ्बिस्को उभा राहून लढला, तेव्हा एका मिनिटाच्या आत चीत झाला. मोठ्या देहाचा सर्वोत्तम बचाव म्हणजे जमिनीला चिकटणे, हे वर्णन मोठ्याला भूषणावह नाही. म्हणूनच वीरकथांना ते सोयीचे वाटत नाही.

खाशाबांवरील लेखनात आणखी एक खटकणारी लकब आहे. पदक कांस्याचे, म्हणजे अंतिम चित्रात दोघे वर आहेत. त्यांतील जपानचा शोहाची इशी विजेता ठरला आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह दुसरा. खाशाबा ह्या दोघांकडून हरले. अद्भुतरसाच्या सवयीमुळे हे पराभव एक तर वगळले जातात किंवा दुर्दैवाच्या खाती जातात. पण आपण होऊन वरच्या गटात गेलेल्या मल्लाच्या कथेत पराभव हा कथेचाच भाग असतो. हरिवंशातील होकाराचे मोल पराभवाची शक्यता खरी असेल तेव्हाच राहते. कृष्णाच्या बाबतीत ती खरी नव्हती हे भक्त जाणतो, खाशाबांच्या बाबतीत ती खरी होती हे निकालपत्रकच सांगते.

आज महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या अधिवेशनात वजनगटांच्या कुस्त्या स्वतंत्र होतात, आणि १९६१ पासून दिली जाणारी ‘महाराष्ट्र केसरी’ ही पदवी मात्र सर्वांत वरच्या गटालाच मिळते. म्हणजे हलक्या मल्लाला ती हवी असेल तर वर जाऊनच मिळविली पाहिजे. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोपप्रवासानंतर बांधविलेल्या खासबाग मैदानात काय, किंवा एखाद्या खेड्यातील जत्रेत काय, निवेदक मल्लाची ओळख करून देतो ती गाव, तालीम आणि वस्ताद ह्यांच्या नावांनी. वजनाचा आकडा त्या ओळखीत सहसा येत नाही. तो मोठ्या स्पर्धांच्या पत्रकात असतो. आणि हलगी सुरू झाली की कडेचे लोक पत्रकाकडे न पाहता पुन्हा मानेकडे आणि खांद्याकडे पाहू लागतात.